विंगेतला आवाज

उज्ज्वलाचं पत्र आषाढात आलं होतं. जयवंतराव साळोख्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि हाताशी असलेल्या एका जाडजूड पुस्तकात खुणेसाठी ठेवून दिलं. आता मार्गशीर्ष लागला होता. पत्राला उत्तर गेलं नव्हतं आणि ते पुस्तकही पुढं सरकलं नव्हतं, कारण पुस्तक उघडायचं म्हणजे पत्र समोर यायचं. उभा जन्म वाचनालयात काढलेल्या माणसानं एका पुस्तकाला भ्यावं, ही नामुष्कीच. पण होतं ते असं होतं. पुस्तकाच्या कपाटासमोरून जाताना ते पावलं उचलून चालत, जसं कुणी सावकाराच्या दारावरून जातं.

पत्र पाठ होतं, ही खरी अडचण.

‘दाजी, कागदावर लिहितेय म्हणून हसू नका. फोनवर तुमचं ते यंत्र मधे असतं, त्याच्यासमोर हे कसं बोलू? परवा मी ताईला म्हणाले, माझे गुडघे गेलेत. तर ताई म्हणाली, प्रकृतीची अत्यंत काळजी घे. दाजी, माझी ताई जन्मात कधी “अत्यंत” म्हणाली नाही. ती म्हणाली असती, मग जमिनीवर फतकल मारून कशाला बसतीस भवाने, खुर्ची घे की! आवाज तिचा आहे, वाक्यं तुमची आहेत. मला ताईला भेटायचंय. ते यंत्र काढून, जशी असेल तशी. येऊ का? नको असेल तर नको म्हणून कळवा. मी रागावणार नाही. पण कळवा.’

‘ये’ किंवा ‘नको’. एवढंच लिहायचं होतं. गडहिंग्लजहून कोल्हापूरला यायला उज्ज्वलाला अर्धा दिवसही लागला नसता. पण ‘ये’ लिहायचं तर यंत्र काढायला हवं, आणि यंत्र काढलं तर आत कोण उरलंय ते आधी आपल्यालाच दिसणार, हे जयवंतरावांना पक्कं ठाऊक होतं. ‘नको’ लिहायचा धीर होत नव्हता. म्हणून ते काहीच लिहीत नव्हते.

यंत्राचं नाव कानगूज. चष्म्याच्या काडीसारखी बारीक पट्टी, कानामागच्या हाडाला चिकटून बसणारी, आणि पट्टीच्या टोकाला मोहरीएवढा कॅमेरा. त्यामागचं शास्त्र मृण्मयी नावाच्या मुलीनं त्यांना समजावलं होतं. ती पुण्याहून आली होती, कंपनीची इंजिनियर. मेंदूत, कानशिलाच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. दिवसभरात जे घडतं ते आधी तिथं टिपलं जातं आणि मग मेंदूभर साठवलं जातं. अल्झायमरचे पहिले घाव तिथंच पडतात. पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उच्चारण्याचं काम मेंदूच्या दुसऱ्या भागाकडं असतं, आणि तो भाग बराच काळ शाबूत राहतो.

“म्हणजे काका, कोठार लुटलं गेलंय,” मृण्मयी म्हणाली होती, “पण दारावरचा माणूस अजून कामावर आहे. त्याच्या हातात आपण वस्तू द्यायची, तो ती बाहेर देईल.”

कानगूज समोरच्याचा चेहरा ओळखायचं, बोलणं ऐकायचं, क्षणात उत्तर जुळवायचं आणि हाडातून कंप पाठवून ते कानात घालायचं. हाडातून आलेला आवाज बाहेरून आल्यासारखा वाटत नाही, आपल्याच मनात काही आल्यासारखं वाटतं. मग माणूस ते बोलून टाकतो. उत्तरं कुठून आणायची, तर त्या माणसाच्या आयुष्यातून. ते आयुष्य यंत्राला कुणीतरी जवळच्यानं सांगावं लागतं.

जयवंतरावांनी बायकोचं आयुष्य वर्षभर सांगितलं होतं. पुस्तकांच्या नोंदी कराव्यात तशा निगुतीनं. वीज मंडळाच्या तक्रार-खिडकीवर बसणारी शैलजा, गिऱ्हाइकाच्या वरताण ओरडणारी शैलजा, तांबड्या रश्श्यात पाणी घालणाऱ्याला उभा जाळावा म्हणणारी शैलजा. फक्त सांगताना त्यांनी जरा नीटनेटकं केलं. शिव्या गाळल्या. अर्धवट वाक्यं पुरी केली. तिचे काही विनोद चारचौघांत बरे दिसणार नाहीत म्हणून वगळले. यात आपण काही करतोय असं त्यांना वाटलंही नाही. चांगल्या कागदावर डाग नको, एवढीच त्यांची समज.

आणि यंत्र उत्तम चाललं. शेजारच्या घाटगेवहिनी येऊन म्हणायच्या, “अगं बाई, शैलूताई तर पहिल्यापेक्षा गोड बोलायला लागल्यात!” डॉक्टर खूश होते. रात्रीचा आरडाओरडा थांबला होता. जयवंतरावांनीही वर्षभरानंतर सलग झोप घेतली होती.

मग उज्ज्वलाचं ‘अत्यंत’ आलं आणि त्यांच्या मनात जे कुसळ रुतलं ते निघेचना.

कार्तिक संपता संपता मृण्मयी पुन्हा आली. कंपनी जुनी पट्टी बंद करणार होती. नवी आवृत्ती कायमची, कातडीखाली, हाडाला स्क्रूनं बसवायची.

“आणि काका, हिची खरी गंमत ऐका. आताची पट्टी कुणी बोललं तरच उत्तर देते. नवी स्वतःहून बोलते. मावशी जरा गप्प झाल्या की ती विषय काढून देईल. शांतता अशी पडणारच नाही.”

“पडणारच नाही?”

“अजिबात नाही. पेशंट गप्प झाला की घरच्यांनाच त्रास होतो ना सगळ्यात जास्त. तुम्ही संमती तेवढी द्या. सोमवारी ऑपरेशनची तारीख लावते.”

शैलजा समोरच बसली होती. ती हसून म्हणाली, “मुली, चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस.” वाक्य जयवंतरावांचं होतं. त्यांच्या आईचं खरं तर. शैलजा पाहुण्यांना म्हणायची, “चहा टाकू, का तसंच पिटाळू?”

तेव्हापासून जयवंतरावांचा पाय घरात ठरेना. खुर्चीत बसावं तर उठावंसं वाटे, उठावं तर कुठं जायचं ते सुचेना. गॅसवर दूध ठेवून ते गच्चीत जात आणि दूध उतू गेल्यावर खाली येत. संमतीचं बटण मोबाइलच्या पडद्यावर हिरवं लुकलुकत होतं. दाबायला बोट नेत आणि मागं घेत. आपण कोण ठरवणारे? डॉक्टरांना कळत नाही, इंजिनियरला कळत नाही, आणि आपल्याला कळतं? आयुष्यभर तर आपण विंगेत उभे राहिलो.

ते खरंच विंगेत उभे राहिले होते. ऐन तारुण्यात. वीज मंडळाची नाट्यसंस्था दरवर्षी राज्य स्पर्धेत उतरायची. शैलजा तिची हुकमी नटी होती. जयवंतराव तिथं शिरले ते केवळ ती होती म्हणून. रंगमंचावर यायची त्यांची छाती नव्हती. पण पाठांतर दांडगं, आवाज हलका आणि नेमका. म्हणून प्रॉम्प्टर झाले. पडद्याआड, हातात संहिता, डोळे तिच्यावर. लग्नाआधीचं सगळं प्रेम त्यांनी असं दुसऱ्याच्या वाक्यांतून केलं.

एका वर्षीच्या नाटकात ती आई झाली होती. बारा वर्षांनी मुलगा परत येतो, उंबऱ्यात उभा राहतो आणि आई त्याला म्हणते, ‘जेवलास का?’ तालमीत ती हे लगेच म्हणायची. स्पर्धेच्या दिवशी ती बोललीच नाही. नुसती बघत राहिली. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. जयवंतरावांनी विंगेतून वाक्य दिलं. नको तेवढ्या मोठ्यानं. तिसऱ्या रांगेपर्यंत ‘जेवलास का’ ऐकू गेलं, वेळ सांगणाऱ्या घड्याळासारखं. लोक हसले.

पडदा पडल्यावर ती मेकअप न पुसताच त्यांच्या अंगावर आली.

“अहो, मी विसरले नव्हते!”

“मला वाटलं...”

“काय वाटलं? बारा वर्षांनी पोरगं आलंय. बघत होते त्याच्याकडं! बघायला वेळ लागतो का नाही माणसाला?” आणि मग त्यांचा पडलेला चेहरा बघून, “हे ध्यानात ठेवा. अडले की माझा अंगठा पदराच्या काठावर फिरतो. हात स्थिर असला की गप उभं राहायचं. तो माझा पॉज. त्यात घुसायचं नाही, देवाच्या बापानं सांगितलं तरी.”

पुढं त्यांची चूक कधी झाली नाही. अंगठा बघायचा, मग तोंड उघडायचं. लग्नानंतर घरातही त्यांनी हेच केलं आणि संसार बरा झाला.

शनिवारी सकाळी ती पोहे पुढ्यात घेऊन बसली होती. जयवंतराव समोर. खिडकीतून ऊन आत येत होतं. तिनं चमचा खाली ठेवला आणि खिडकीकडं बघितलं. जयवंतरावांनी सवयीनं विचारलं, “काय गं, आवडले नाहीत?”

“मला आई...” ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर एक वेगळंच हसू आलं. “पोहे छान झालेत. ...आईकडं... तुम्ही घेतलेत का? ...आईकडं कोण... कोथिंबीर ताजी आहे, नाही?”

एकाच तोंडातून दोन माणसं बोलत होती. एक नीटनेटकं, एक धडपडत, आणि नीटनेटकं धडपडणाऱ्याला ढकलून पुढं येत होतं. जयवंतरावांच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांची नजर तिच्या हाताकडं गेली. किती दिवसांनी गेली!

अंगठा फिरत नव्हता. हात मांडीवर स्थिर होता.

ती अडली नव्हती. ती बघत होती, आणि बघता बघता काहीतरी म्हणणार होती. आणि ते यंत्र, म्हणजे ते स्वतःच, पुन्हा एकदा नको तेवढ्या मोठ्यानं वाक्य देत होते.

“आईकडं... प्रकृतीची...” ती एकदम थांबली. कानामागं चापट मारली. “कोण बोंबलतंय विंगेतनं? आं? कोण आहे तिथं? गप की मेल्या, बोलू दे मला!”

जयवंतराव उठले. त्यांनी पट्टी इतक्या घाईनं काढली की तिचे दोन केसही ओढले गेले. “आई गं,” ती ओरडली. मग घर शांत झालं. असं शांत झालं की त्यांना पळून जावंसं वाटलं.

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुम्ही कोण म्हणायचं?”

हेच ते. याच वाक्यासाठी त्यांनी वर्षभर यंत्राला आयुष्य सांगितलं होतं, हे ऐकायला लागू नये म्हणून. ‘अगं मी, जयवंत, तुझा नवरा’ हे ओठांवर आलं. पूर्वी ते तेच म्हणायचे, ती घाबरायची, मग ते फोटो दाखवायचे, मग ती रडायची. आता तिच्याकडं बघताना त्यांना एवढंच कळलं की ती संहितेबाहेर गेलीय. आणि नट संहितेबाहेर गेला, पदरचं बोलू लागला, की प्रॉम्प्टरच्या हातातला कागद बिनकामाचा होतो. तेव्हा उपयोग होतो तो फक्त समोरच्या नटाचा.

समोर दुसरं कुणी नव्हतं.

“मी... तालमीला आलोय.”

“नवीन दिसताय.”

“हो. पहिलीच वेळ.”

“मग दारात बुजगावण्यागत का उभं? या की आत. बसा. कुणी खाणार नाही तुम्हाला.” ती खदखदून हसली. हे हसू जयवंतरावांनी यंत्राला सांगितलंच नव्हतं. वाक्यात बसवता आलं नव्हतं म्हणून. “पोहे घ्या. मीठ जास्त पडलंय. आमच्या ह्यांनी केलेत.”

“तुमचे हे कुठं असतात?”

“ते? विंगेत. लाजतात हो. चार माणसांत पाठवलं तर हातपाय गळतात.” ती पुढं झुकून हळूच म्हणाली, “पण एक सांगते. ते तिथं आहेत हे ठाऊक असलं की मी कुठंही जाऊन येते. अगदी वाट्टेल तिकडं. परत यायची वाट सापडतेच.”

जयवंतरावांनी पोहे तोंडात घातले. मीठ खरंच जास्त होतं.

हे एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी दिवे लागले आणि ती बिथरली. हे घर तिचं नव्हतं, ही भांडी तिची नव्हती, मला स्टँडवर सोडा म्हणून ती दाराला धडका देऊ लागली. जयवंतराव तालीम, नाटक, सगळं बोलून बघत होते, पण तिला नाटक नको होतं, घर हवं होतं. एकदा तिनं त्यांच्या तोंडावर तांब्या भिरकावला. ओठ फुटला. मग त्यांनी ते केलं. टेबलावरची पट्टी उचलून तिच्या कानामागं लावली. क्षणात तिचा चेहरा निवला. “मी जरा दमले आहे. आपण आराम करूया,” ती म्हणाली, सगळ्या विरामचिन्हांसकट. जयवंतराव बाथरूममध्ये जाऊन ओठ धूत राहिले. आरशात बघवेना. बरं वाटलं होतं, त्याचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. दुपारी लावली. पुन्हा काढली. रविवार असाच हेलपाट्यात गेला. पण एक गोष्ट त्यांनी बघितली. पट्टी असताना ती शांत असायची, पण कुणाचीच नसायची. पट्टी नसताना ती कधी भ्यायची, कधी शिव्या घालायची, एकदा अर्धा तास नुसती खिडकीबाहेरच्या चिंचेच्या झाडाकडं बघत बसली. पण जे काही होतं ते तिचं होतं. आणि संध्याकाळी ती पुन्हा बिथरली तेव्हा ते दारात आडवे झाले नाहीत. चपला घालून तिच्याबरोबर बाहेर पडले. “चला, स्टँडवर सोडतो.” गल्लीला वळसा घालून दोघं घराशी आली. “आलं की घर,” ती म्हणाली. “लवकर आलं.” दर संध्याकाळी हे जमेल असं नाही, हे त्यांना कळत होतं.

सोमवारी सकाळीच मृण्मयीचा फोन आला.

“काका, संमती आली नाही अजून.”

“नाही देत.”

“अहो, पण का? त्यांचा ताण किती कमी झालाय, पट्टीचा आलेख बघा ना.”

“माझा कमी झालाय, पोरी. आलेखात दोघांचा एकत्र मोजला गेला असेल.”

ती हलक्या आवाजात म्हणाली, “मी तुम्हाला घाबरवत नाहीये. पण आधार काढला तर त्यांचं बोलणं हळूहळू कमी होत जाईल. एक दिवस बंद होईल.”

“होईल,” जयवंतराव म्हणाले. हा शब्द तोंडातून बाहेर पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तो पडला आणि काही कोसळलं नाही. “यंत्र बोलत राहील आणि ती कधी बंद झाली ते मला कळणारसुद्धा नाही. त्यापेक्षा मला कळू दे.”

“तुम्हाला खात्री आहे?”

“मला कशाचीच खात्री नसते, बाळ. पट्टी फेकून दिलेली नाही. पण हाडात नको.”

फोन ठेवून ते कपाटाशी गेले. पुस्तक काढलं. पत्राच्या घडीवर पुस्तकाची शाई उमटली होती. कागद घेऊन बसले. पहिलं वाक्य झालं, ‘तुझ्या पत्राचे उत्तर देण्यास अत्यंत विलंब झाला’, आणि ते स्वतःशीच इतके ओशाळले की कागद चुरगाळून टाकला. मग दुसरा. मग तिसरा. शेवटी उज्ज्वला समोर बसलीय आणि आपण तिच्याशी बोलतोय, असं धरून लिहिलं.

‘उजू, ये. यंत्र काढलंय. ताई तुला ओळखेल असं वाटत नाही. मलाही ओळखत नाही. मी सध्या नाटकातला नवा माणूस आहे. तू आलीस की तुला ती काय करेल सांगता येत नाही, आई करेल, शेजारीण करेल, नाहीतर हाकलून देईल. जे करेल ते हो. शिव्या देईल, त्या शाबूत आहेत. संध्याकाळी त्रास होतो, तेव्हा एकट्याला जमत नाही, हेही खरं. लवकर ये. तुझे गुडघे कसे आहेत? खाली बसू नको भवाने, खुर्ची आहे घरात. दाजी.’

‘भवाने’ खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

कोपऱ्यावर टपालाची एक लाल पेटी अजून होती. शैलजाला घेऊन ते निघाले. थंडी होती, तिच्या खांद्यावर शाल होती. पेटीपाशी आल्यावर पाकीट तिच्या हातात देत ते म्हणाले, “हे तेवढं टाकता?”

तिनं पाकीट घेतलं, फटीपर्यंत नेलं आणि थांबली. पाकिटावरच्या नावाकडं बघत राहिली. मागं भाजीचा हातगाडीवाला थांबला. “आज्जी, टाका की,” तो म्हणाला, “का मी टाकू?”

जयवंतरावांच्या तोंडात शब्द येऊन बसला होता. ‘सोड.’ एवढाच. त्यांनी तिच्या दुसऱ्या हाताकडं बघितलं. शालीच्या काठावर अंगठा ठेवलेला होता, पण फिरत नव्हता.

त्यांनी हातगाडीवाल्याला खुणेनं गप्प केलं आणि उभे राहिले. बघायला वेळ लागतो माणसाला. एक रिक्षा गेली. शाळेची घंटा झाली. तिचे ओठ पाकिटावरच्या नावावरून हलले, आवाज न करता. मग तिनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

“उजी जेवली असेल का हो?”

“येईल तेव्हा विचारू,” जयवंतराव म्हणाले.

तिनं बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.